आतोबांचं दोन इंजिनांचं विमान

लोणावळ्यात राहून ज्याने उभ्या जन्मात आगगाडीचं वेळापत्रक पाहिलं नाही, पण सकाळी दात घासायच्या आधी वारा कुठल्या दिशेचा आहे हे मात्र न चुकता पाहिलं, असा माणूस माझ्या माहितीत एकच होऊन गेला, आणि तो माझ्या धाकट्या आत्याचा नवरा होता. आम्ही भाचरं त्यांना आतोबा म्हणत असू. त्यांचा धंदा म्हणजे मुंबईच्या धनिकांचे लोणावळ्यातले बंगले सांभाळायचे. हे बंगले वर्षाचा बराच काळ बंद असत, आणि राहत्या घरापेक्षा बंद घराला जास्त माणूस लागतं, असं आतोबांचं मत होतं. खिडक्या उघडा, गाद्या उन्हात टाका, पंपाला तेल द्या, वाळवीचा माग काढा, मालकाने येतो म्हणून कळवलं की पाणी तापवून ठेवा, आणि मालक आला नाही की त्याच पाण्याने स्वतः आंघोळ उरका. कमरेला किल्ल्यांचा असा दांडगा जुडगा असायचा की ते रस्त्याने चालले की मागून बैलगाडी येते आहे असं वाटून लोक बाजूला होत. आतोबांना वाटे, लोक आपल्याला मान देतात.

या बंगल्यांत एक बंगला मिशनचा होता. सपाटीवरच्या उन्हाने लाल झालेले गोरे पाद्री मे महिन्यात तिथे निवायला येत. त्या बंगल्यातल्या गाद्या उलथताना आतोबांना एका परदेशी मासिकात ते विमान सापडलं. सापडलं म्हणजे त्याचं चित्र सापडलं. पण या दोहोंत फरक करण्याचा आतोबांचा स्वभाव नव्हता. त्यांनी ते पान कापून आणलं आणि देवघराच्या शेजारी खिळ्याला लावलं. मी ते प्रथम पाहिलं तेव्हा मला ते विमान वाटलंच नाही. पत्र्याच्या ट्रंकेला पंख फुटावेत असा त्याचा घाट होता. कुठे गोलाई नाही, कुठे नखरा नाही. शेपटाखाली एक चिमुकलं चाक, त्यामुळे जमिनीवर असताना नाक वर आणि बूड खाली, दारात बसलेल्या कुत्र्यासारखं. मिशनच्या लोकांनी हे विमान मुद्दाम आडरानातल्या कामासाठी करवून घेतलं होतं म्हणे. रस्ता नसलेल्या मुलखात औषधं न्यायची, मीठ-तांदूळ न्यायचे, परतताना आजारी माणूस खाटेसकट आणायचा, म्हणून दार चांगलं ऐसपैस ठेवलं होतं. उतरायला थोडकी जागा पुरे, तीही कच्ची. आणि दोन्ही पंखांवर एक एक अशी दोन इंजिनं.

"दोन का, माहीत आहे?" आतोबा येईल त्याला विचारत, आणि त्याने तोंड उघडायच्या आत सांगत, "एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घर गाठता येतं!"

या एका वाक्याने माझ्या आत्याच्या संसाराचा घात केला. त्या दिवसापासून आतोबांच्या घरात एकट्या वस्तूला थारा राहिला नाही. त्यांच्या दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं आली. ती एकमेकांशी कधीच सहमत नसत, तेव्हा आतोबा दोघांच्या मधली वेळ खरी धरत आणि सगळीकडे उशिरा पोचत. पावसाळ्यात ते दोन छत्र्या घेऊन निघत, एक डोक्यावर आणि एक काखेत. लोणावळ्याच्या पावसात पहिली छत्री उलटली की दुसरी उघडत, आणि ती उलटेपर्यंत बहुधा घर येई. हे मात्र मान्य केलं पाहिजे. घरात दोन स्टोव्ह होते. ताप आला तर ते दोन डॉक्टरांकडे जात आणि दोघांची औषधं निम्मी निम्मी घेत. पोस्टकार्ड लिहिलं की त्याची नक्कल करून दोन वेगळ्या पेट्यांत टाकत, त्यामुळे आमच्या घरी त्यांच्याकडची प्रत्येक आनंदाची बातमी दोनदा येई. माझ्या वडिलांनी तर एकदा आत्याला मुलगा झाल्याचे पेढे दोनदा वाटले होते. आत्या हे सगळं मुकाट्याने सोसत असे. क्वचित कोणी शेजारीण कीव करू लागली तर म्हणे, "काय करणार बाई! मला मात्र एकच मिळाला, आणि तोही कधी चालू, कधी बंद."

आता कोणी म्हणेल, हा माणूस विमानात फार हिंडला असेल. छे! ते विमानाच्या शिडीलाही कधी शिवले नव्हते. मी एकदा त्यांना सरळच विचारलं की आतोबा, हे विमान तुम्हाला हवंय तरी कशाला? त्या दिवशी ते थट्टेच्या मनःस्थितीत नव्हते. एका बंगल्याच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "अरे, जन्म गेला मावळात, पण मावळ काही मी पाहिला नाही. जिथे म्हणून उभं राहावं तिथे समोर एक डोंगर आडवा. एकदा सगळा एका नजरेत बघायचाय. वरून." मी म्हटलं, लोहगडावर चढा. तेव्हा म्हणाले, "गडावरून निम्मा दिसतो. उरलेला निम्मा गडच झाकतो." मग किल्ल्या खुळखुळवत उठले आणि पंप बघायला गेले. एवढीच त्यांची इच्छा होती. पण मोठ्या माणसाची इच्छा छोटी असली तरी तो तिला सार्वजनिक कामाचं रूप देतो, तसं आतोबांनी केलं. मावळातल्या डोंगरमाथ्यावरच्या वाड्या पावसाळ्यात जगापासून तुटतात, तिथे विमानाने डॉक्टर गेला पाहिजे, हा विचार त्यांनी हाती घेतला, आणि बघता बघता तो विचारच त्यांना हाती धरून चालवू लागला.

त्यात भर म्हणून एका उन्हाळ्यात मिशनच्या बंगल्यात आलेला पाद्री स्वतःच वैमानिक निघाला. उंच, हाडकुळा, निळ्या डोळ्यांचा आणि कमालीचा गंभीर. तो मराठी पुस्तकांतून शिकला होता, तेही जुन्या. पहिल्याच दिवशी त्याने आत्याला, "बाई, मजला किंचित चहा प्राप्त होईल काय?" असं विचारलं. आत्याने त्या 'प्राप्त' शब्दाच्या धाकाने चहाबरोबर साजूक तुपातला शिरा करून दिला. त्याच्या मिशनकडे ते चित्रातलं विमान खरोखर होतं, आणि काही दिवस ते पुण्याला येणार होतं. आतोबांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही घड्याळं एकदम पाहिली, जणू ते विमान आत्ताच यायला निघालं होतं. उन्हाळाभर दोघे व्हरांड्यात बसून नकाशे पाहत. शेवटी पाद्रीसाहेब म्हणाले, "आपण भूमी सिद्ध करा. मी अवतरण करून दाखवीन. आणि आपणांस प्रथम आकाशात नेईन."

गावात ही बातमी फुटली आणि लोणावळ्यातले ज्ञाते लोक जागे झाले. देवळाच्या सभामंडपात सभा भरली. परधर्माचा पाद्री विमानातून उतरून भोळ्या वाडीकऱ्यांना बाटवील, असा मुख्य आक्षेप होता. एका वकिलांनी धर्मरक्षणावर फार तळमळीचं भाषण केलं. आतोबा शांतपणे उठले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही म्हणता ते खरं असेल. मग असं करू. पाद्री वरून जायच्या आत आपण खालून जाऊ. उद्या सकाळी निघू. तिकोणा पेठेपर्यंत गाडी जाते, पुढे चढ आहे. धर्म राखायला कोण कोण येतंय?" वकीलसाहेबांचा गुडघा त्याच आठवड्यात दुखावला होता. दुसऱ्या एकांकडे लग्न निघालं. सभा चहापानानंतर एकमताने तहकूब झाली. सरकारी खात्यांनी याहून जास्त दम दाखवला. आतोबांनी आपल्या रिवाजाप्रमाणे दोन खात्यांना अर्ज केले होते. एकाने कळवलं की जमिनीचा विषय आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने कळवलं की आकाशाचा येत नाही. आतोबांनी ती दोन्ही उत्तरं एकत्र टाचून तिसऱ्या खात्याला पाठवली आणि विचारलं की आकाशातून जमिनीवर यायचं असेल तर ते कोणाकडे येतं? अखेर पाद्रीसाहेबांनीच कुठूनशी एकदाच उतरून पाहण्याची परवानगी मिळवली.

उतरायला जागा निवडली होती ती तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवरच्या एका वाडीचं गायरान. पवनेचं धरण तेव्हा व्हायचं होतं. वाडी म्हणजे दहा-पंधरा कुडाची घरं, आणि वाडीचा शब्द म्हणजे आबांचा शब्द. पांढऱ्या मिशांचे आबा बोलत कमी, पण एकदा बोलले की ते मोडायची कोणाची छाती नव्हती. आतोबा त्यांना धावपट्टी समजावून सांगायला गेले होते तेव्हा मी सोबत होतो. धावपट्टी हा शब्द आबांना पटेना. डांबर, उतार, लांबी-रुंदी हे सगळं ऐकून ते नुसते विडी ओढत राहिले. शेवटी आतोबांना आपल्या बुद्धीचा अभिमान वाटावा असं एक वाक्य सुचलं. ते म्हणाले, "आबा, सोपं आहे. खळं करता ना भात मळायला? तस्सं करायचं. टणक, सपाट. फक्त लांब!"

आबांचा चेहरा उजळला. "असं म्हना की मंग! खळं व्हय? करू की. त्यात काय!"

परत येताना आतोबा वाटभर मला सांगत होते की शिकलेल्या माणसाला खेड्यात बोलता येत नाही ते याचसाठी. त्याला लोकांच्या भाषेत उतरता येत नाही. मीही मान डोलावली. त्या वाक्याने काय करून ठेवलं होतं हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

सुगी संपली, पौषातली कोरडी थंडी पडली, आणि ठरल्या दिवशी आम्ही सकाळीच वर पोचलो. आतोबांनी कोट घातला होता, दोन्ही छत्र्या घेतल्या होत्या. पाऊस नव्हता, पण वाऱ्याची दिशा दाखवायला त्या लागणार होत्या. माळावर पाऊल टाकलं आणि आम्ही थक्क झालो. सगळ्या वाडीने महिनाभर राबून दगड वेचले होते, खड्डे भरले होते, पाणी मारून बैल फिरवून जमीन ठोकठोक केली होती, आणि वर शेणाने सारवून घेतली होती. इतकी लांबलचक सारवलेली जमीन मी जन्मात पाहिली नाही. आतोबांचे डोळे भरून आले. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. मग त्यांची नजर पट्टीच्या मधोमध गेली आणि तिथेच खिळली. तिथे एक चांगला पुरुषभर उंचीचा, ऐनाच्या लाकडाचा खांब जमिनीत रोवलेला होता. त्याला झेंडूची माळ, आंब्याचा डहाळा आणि भाताच्या लोंब्यांची जुडी बांधलेली होती.

"आबा, हे काय?"

"तिवडा," आबा समाधानाने म्हणाले.

"तो दिसतोय मला! इथे कशाला?"

"आता बगा! खळ्यावानी करा म्हनला व्हतात का न्हाई? समद्या वाडीनं ऐकलंय. मंग तिवड्याबिगर खळं कसं व्हईल?"

"अहो, इथे विमान उतरायचंय! मधोमध खांब आणि विमान येणार वेगाने!"

"येऊ द्या की. आमी कुटं आडवलंय?" आबा म्हणाले. "बैलबी तिवड्याच्या भवतीनंच फिरत्यात. त्यालाबी फिरू द्या."

आतोबांनी कपाळावर हात मारला. त्यांचा कुठलाही हात घड्याळाचाच, त्यामुळे लागलंही. मग त्यांनी विनवलं, रागावले, खांबाला स्वतः मिठी मारून ओढून पाहिला. वाडीने जीव लावून रोवलेला तिवडा तो; तसूभर हलला नाही. आबांचा चेहरा गंभीर झाला. "भाऊ, नारळ फोडलाय त्याच्यापुडं. आता मळनी झाल्याबिगर त्याला हात न्हाई लावायचा. खळ्याला बरं नसतं ते." बाकीच्या वाडीने माना हलवल्या. इतक्यात तुंग गडाच्या बाजूने घरघर ऐकू आली.

ते आलं. चित्रात होतं तसंच, ओबडधोबड आणि प्रामाणिक, उन्हात चमकणारं. पाद्रीसाहेबांनी वरून तो खांब पाहिला असणार, कारण पट्टीपाशी खाली आलेलं विमान एकदम वर उचललं गेलं आणि माळावर गोल घिरट्या घालू लागलं. आतोबा धावत खांबाशी गेले आणि दोन्ही छत्र्या उघडून वेड्यासारख्या हलवू लागले. त्यांना 'उतरू नका' असं सांगायचं होतं. पण वाडीला दिसत होतं ते निराळंच. मधोमध सजवलेला तिवडा, तिवड्यापाशी उभा राहून हाकारणारा माणूस, आणि भवतीनं गोल फिरणारं जनावर. आबांनी मांडीवर थाप मारली.

"म्हनलं न्हवतं? तिवडा बगितला आन् फिराय लागलं! बैलाला तरी शिकवावं लागतंय!"

वाडीत हर्ष मावेना. बायकांनी पदर तोंडाला लावले, गडी माणसं मळणीत बैलांना घालतात तशा आरोळ्या विमानाला घालू लागली. विमान फिरत होतं, आरोळ्या चढत होत्या, आणि आतोबा मध्यभागी छत्र्या नाचवत होते. मग अचानक ते थांबले. असा प्रकाश माणसाच्या तोंडावर क्वचितच पडतो. छत्र्या टाकून ते आबांकडे पळत आले.

"आबा, मळणी केव्हा झाली म्हणायची?"

"फेरं पुरं झालं की."

"मग हे काय कमी फेरे झाले? बैलांनी इतके घातले असते का?"

आबांनी वर पाहिलं. विमानाचा आणखी एक फेरा त्यांनी नीट, नियमाने, पूर्ण होऊ दिला. मग विडी विझवली. "व्हय. बैलापरीस जास्तीच झालं. झाली म्हना मळनी. काडा रं तिवडा!"

दहा हात एकदम लागले. तिवडा उपटला, खड्डा मातीने ठोकून भरला, वर शेणाचा हात फिरवला, आणि ओल्या सारवणावरून जगातलं पहिलं विमान उतरलं असेल ते त्या सकाळी आमच्या मावळात. नाक वर करून ते पट्टीच्या टोकाला जाऊन बसलं. पाद्रीसाहेब खाली उतरले आणि गोंधळून म्हणाले, "मध्यभागी एक स्तंभ मजला स्पष्ट दिसला होता. तो कोठे गेला?"

"मळणी झाली," आतोबा म्हणाले. एवढंच सांगता येण्यासारखं होतं.

इथे खरं म्हणजे नारळ फुटून, आतोबांनी विमानात बसून, मावळ पाहून परत यायचं होतं. पण वाडीच्या मनात दुसरंच काही होतं. आबांची विधवा बहीण महिन्यामागे लाकडाला गेली असताना कड्यावरून घसरली होती आणि तिची मांडी मोडली होती. डोलीत घालून खाली न्यायला निघाले तेव्हा पहिल्याच उतारावर ती अशी ओरडली की माघारी आणावं लागलं. वैदूने बांधलेला पाय सुजून दगड झाला होता, ताप हटत नव्हता. आबांनी तिला खाटेवर घालून विमानापाशी आणवलं. पाद्रीसाहेबांनी पाय पाहिला आणि त्यांची पुस्तकी मराठीसुद्धा संपली. "आज नेलं पाहिजे," एवढंच ते म्हणाले. मिशनचा दवाखाना लांब दक्षिणेला होता, विमानाने तासाभरावर.

म्हातारी मात्र खाटेची कड धरून बसली. "म्या न्हाई एकली जायची. हितं मेले तर वाडी माती तरी दील. वर मेले तर कुटं पडंन?"

"एकली कशापायी?" आबा म्हणाले. "भाऊ चाललेत की तुज्यासंगं. त्येंचंच इमान हाय."

सगळी वाडी आतोबांकडे पाहू लागली. मीही पाहिलं. आतोबा हसले, पण ते हसू जागेवर नव्हतं. "म्हणजे, मी जाणारच आहे," ते म्हणाले. "पण मी आपला पुढच्या खेपेला जावं म्हणतो. इथे पट्टीकडे कोणी बघायला नको? तो खड्डा अजून ओला आहे. आणि आज वाराही जरा..." ते बोलत होते आणि एका जागी उभे होते, तरी त्यांच्या कमरेचा जुडगा खुळखुळत होता. मला एकदम उमगलं. ज्या माणसाने देवाशेजारी विमान टांगलं होतं, त्याला विमानाची भीती वाटत होती. कदाचित त्यालाही ती त्याच क्षणी कळली असेल. त्या जागी आणखी कोणी असता तर मला हसू आलं असतं.

म्हातारीने त्यांच्याकडे मान वळवली. "तुमी येता का भाऊ? तुमी आलाव तर येते."

आतोबांनी डाव्या इंजिनाकडे पाहिलं, मग उजव्या इंजिनाकडे. मग म्हातारीच्या पायाकडे पाहिलं. कमरेचा जुडगा सोडून त्यांनी माझ्या हातात दिला. "मिशनच्या बंगल्यातल्या गाद्या बाहेर आहेत," ते म्हणाले. "संध्याकाळच्या आत आत घे. दव पडतं." मृत्युपत्र यापेक्षा निराळ्या सुरात वाचत नसतील. खाट आत गेली, पाठीशी पोती लावून म्हातारीला खिडकीपाशी टेकवली, आणि आतोबा तिच्या पायाशी, पत्र्याच्या जमिनीवर बसले. दार लागताना त्यांचा हात म्हातारीच्या हातात होता की तिचा त्यांच्या, हे मला नीट दिसलं नाही. विमान धावलं, सारवण उडालं, आणि ते तिकोण्याला डावीकडे टाकून दक्षिणेला दिसेनासं झालं.

म्हातारीचा पाय वाचला. काठी टेकत का होईना, ती पुढच्या पावसाआधी वाडीवर चालत आली. आतोबा मात्र तिच्या कितीतरी आधी, एस.टी.ने परतले आणि आल्या दिवसापासून बोलू लागले ते वर्षानुवर्षं थांबले नाहीत. न्हाव्याच्या खुर्चीत, दूधवाल्याच्या दारात, बंगल्यांच्या मालकांपुढे, ते वरून दिसलेला मावळ सांगत. आणि खोटं कशाला बोला, सांगत फार सुरेख. तुंग, तिकोणा आणि लोहगड म्हणजे तीन दगडांची चूल मांडलेली, आणि मधल्या खोऱ्यातलं धुकं म्हणजे त्या चुलीचा धूर. पवना म्हणजे वाळत घातलेलं लुगडं, वाऱ्याने गोळा झालेलं. वाड्या म्हणजे थापून ठेवलेल्या शेण्या. ऐकणारा चहा गार होऊ द्यायचा. पुढे पुढे त्या वर्णनाला फांद्या फुटल्या. लोणावळ्यातलं स्वतःचं घर दिसलं, अंगणात पापड वाळत घालणारी बायको दिसली. विमान गेलं दक्षिणेला आणि लोणावळं राहिलं उत्तरेला, हे कोणाच्या मनात आलं नाही. आत्या तेवढी आतून म्हणायची, "त्या दिवशी मी पापड घातलेच नव्हते. आणि यांना चुलीचं काय कळतंय? जन्मभर घरात स्टोव्ह, आणि तेही दोन!"

विमान पुन्हा आलं नाही. परवानगी एकदाचीच होती. ती वाढवून द्यायचं काम कोणत्या खात्याकडे येतं हे आतोबांना शेवटपर्यंत शोधून काढता आलं नाही. पाद्रीसाहेबांची बदली दूरच्या कुठल्या बेटावर झाली. पट्टीवर पहिल्याच पावसात गवत आलं आणि वाडीची गुरं तिथे चरू लागली. आतोबांनी त्यावर फारशी हळहळ केली नाही, त्याचं तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी कंपनीच्या कामासाठी पुण्याहून मुंबईला प्रथमच विमानाने गेलो, आणि परतताना आगगाडीने येऊन लोणावळ्याला उतरलो व त्यांना भेटायला गेलो. आतोबा खंगले होते. बंगल्यांच्या किल्ल्या केव्हाच दुसऱ्याकडे गेल्या होत्या, आणि नजर इतकी मंदावली होती की मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. मी विमानाने गेलो होतो हे कळल्यावर त्यांनी आत्या स्वयंपाकघरात आहे याची कानोशाने खात्री करून घेतली, आणि मला जवळ बोलावलं.

"खिडकी मिळाली होती?"

"हो."

"बघत होतास?"

"हो, आतोबा."

"मग मला सांग," ते हळूच म्हणाले, "कसा दिसतो रे आपला मावळ?"

ज्या वर्णनावर माझं निम्मं तरुणपण पोसलं होतं, ते करणाराच मला हे विचारत होता. त्यांनी माझा हात चाचपून धरला. "मी काही पाहिलं नाही रे. चाक सुटल्यापासून टेकेपर्यंत डोळे घट्ट मिटून बसलो होतो. म्हातारी बघत होती. तिला माझी दया आली असावी. माझा हात धरून सगळ्या वाटेने एकेक सांगत होती, 'भाऊ, हे बगा आसं दिसतंय, ते बगा तसं दिसतंय.' मी जे लोकांना सांगत आलो ते सगळं तिचं. पण तिने मला धीर यावा म्हणून मनचं सांगितलं असलं तर? इतकी वर्षं मी लोकांना फसवलं असं नाही का होत?"

आता माझी पंचाईत अशी, की माझ्या विमानाखाली त्या दिवशी पुण्यापासून मुंबईपर्यंत नुसते पांढरे ढग होते. डोळे उघडे ठेवून मला त्यांच्याहून तसूभर जास्त दिसलं नव्हतं. पण त्या मंद डोळ्यांपुढे ते सांगायला माझी जीभ वळली नाही. मी म्हटलं, "आतोबा, तीन गड आहेत ना, ते वरून अगदी चुलीच्या तीन दगडांसारखे दिसतात. मधे धूर असावा तसं धुकं. आणि नदी म्हणजे लुगडं वाळत घालावं, आणि वाऱ्याने ते गोळा व्हावं तशी."

त्यांच्या चेहऱ्यावरची कसलीशी जुनी गाठ सुटत गेल्याचं मला दिसत होतं, आणि या माणसावर आपलं इतकं प्रेम आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"म्हणजे म्हातारी खरं सांगत होती," ते म्हणाले. "बरं झालं. तू थांबू नकोस, पुढचं सांग."